डाव्या डोळ्याचा राब

“थेंब डोळ्यात घालतीस का कानात गं?”

“डोळा उघडा ठेवा, मंग डोळ्यात जाईल. मिटून घेतल्यावर कुठं घालू?”

“उघडाच हाय.”

“हा उघडा? मांजरीचं पिल्लू जल्मताना याच्यापरीस जास्त उघडतं.”

बुधाजी ओटीवर उताणा पडला होता, डोकं येसूबाईच्या मांडीवर. येसूबाईने दोन बोटांनी त्याची उजवी पापणी फाकवली, दुसऱ्या हातात बाटली धरली आणि श्वास रोखला. थेंब बाटलीच्या तोंडाशी लोंबला. तो सुटणार तेवढ्यात बुधाजीने डोळा गच्च मिटला. थेंब पापणीवरून घरंगळत कानशिलावर आला आणि तिथून कानात गेला.

“गेला ना कानात? मी काय म्हनत व्हतो?”

येसूबाईने दुसरा थेंब काढला. दिवसातून चार वेळा हा कार्यक्रम. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं डोकं मांडीवर घ्यायची वेळ इतक्यांदा कधी आली नव्हती, आणि आली ती ही अशी.

“आनि उजवाच काय धरून बसलीस? ह्यो थेंब घातला का भर दुपारी तिन्हीसांज व्हते मला. डाव्यात घाल. भाजलाय डावा आनि पानी उजव्याला? नुसत्या माळावर पानी शिंपून काय उगवतंय?”

 येसूबाईने एक थेंब डाव्या डोळ्यात सोडला. तो डोळा त्याने मिटला नाही. तो निवांत उघडा राहिला. त्या खुशीत त्याची उजवी पापणी सैल पडली, तशी तिने दुसरा थेंब पटकन उजव्यात टाकला.

“मेलो!” बुधाजी ओरडला.

“जिता हाव,” येसूबाई म्हणाली आणि बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवायला उठली.

डाव्या डोळ्यातला थेंब फुकट जात होता. ते तिला माहीत होतं, मुलगा गजाला माहीत होतं, सून जयवंताला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या डोळ्याच्या धन्याला.

झालं होतं ते असं. सत्त्याऐंशी साल, पौषाचा महिना, टहाळ तोडायचे दिवस. ऐनाच्या झाडांच्या फांद्या तोडून वाळवायच्या, उन्हाळ्यात त्या शेताच्या तुकड्यावर रचून भाजायच्या, म्हणजे मिरगात त्या राखेत भाताचं रोप जोमाने वर येतं. राब भाजल्याशिवाय रोप नाही, हे या बाजूच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बुधाजी साठीचा, पण झाडावर तोच चढायचा. गजाच्या चढण्यावर त्याचा भरवसा नव्हता. त्या दिवशी तो ऐनावरून उतरला तो डोकं धरूनच. डावा डोळा लालभडक, हाताला लागावा तर गोट्यासारखा घट्ट. घरी येईस्तोवर वाटेत दोनदा ओकला.

ओकला म्हणून येसूबाई म्हणाली, पित्त. सुंठ उगाळून कपाळाला लावली, आमसुलाचं पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, समोर नुसतं धुकं हाय, तेव्हा ती म्हणाली, मोतीबिंदू पिकतोय. शेजारच्या बाळंतिणीकडून वाटीत दूध आणून डोळ्यात घातलं. गजा भिवपुरीच्या पावरहाऊसात हेल्पर होता, चार साहेबांत वावरलेला. तो म्हणाला, “आये, कर्जतला नेऊ या.”

“कच्चा नेऊन काय करशील? शेजारचा कोंडाजी दोन बार डोळ्यांच्या शिबिराला गेला. दोन्ही बार ‘पिकलं नाय, पिकल्यावर या’ म्हनून माघारी धाडला. पिकू दे.”

चार दिवस डोळा पिकू दिला. पाचव्या दिवशी बुधाजी भिंतीवर डोकं आपटायला लागला, तेव्हा त्याला टेंपोत घालून कर्जतच्या बाजारपेठेत डॉक्टर पद्मजाबाईंकडे नेला. बाई आठवड्यातले दोन दिवस कर्जतला बसायच्या, बाकीचे मुंबईच्या इस्पितळात. त्यांनी डोळा तपासला आणि एकच विचारलं, “किती दिवस झाले?” चार, असं कळल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मोतीबिंदू नव्हता. काचबिंदू होता. डोळ्यात पाणी तुंबून दाब वाढलेला. औषधं दिली, गोळ्या दिल्या, मग मुंबईच्या इस्पितळात नेऊन लेझर केला. हनुवटी एका लोखंडी पट्टीवर टेकवायची, हलायचं नाही, आणि हिरवा उजेड टिचटिच करत डोळ्यात शिरतो. बुधाजीचं दुखणं थांबलं. उजवाही लगेच करून टाकू, म्हणाल्या बाई, तर हा खुर्चीतून उठलाच. “आधी एक बघू दे.” बाहेर व्हरांड्यात पद्मजाबाईंनी मायलेकांना बाजूला घेतलं. “डाव्या डोळ्याची नजर गेलेली आहे. ती परत यायची नाही. लेझर केला तो दुखणं थांबावं म्हणून. पण उजवा डोळा चांगला आहे आणि त्याची घडण अगदी डाव्यासारखीच आहे. त्याच्यावर आधीच लेझर केला तर तो वाचेल. तोवर त्यात हे थेंब घाला. महिन्याच्या आत आणा. आणि त्यांना नीट सांगा.”

येताना येष्टीत बुधाजीने विचारलं, “गजा, कवा दिसंल रं?”

गजाने खिडकीबाहेर बघितलं. “टाइम लागतो बाबा.”

“आग लावली का रं त्यांनी आत? हिरवी ठिणगी दिसली मला.”

“तशीच कायतरी.”

बुधाजीने बराच वेळ विचार केला. चौक गाव जवळ आल्यावर त्याचा चेहरा उजळला. “म्हंजे राब केला म्हन ना डोळ्याचा! भाजलं का लगेच उगवत नाय. पाऊस लागतो.”

“हां,” गजा म्हणाला. त्याच्या अंगावरचं ओझं उतरलं. “तसंच, बाबा.”

पुढच्या सीटवर बसलेल्या येसूबाईने हे ऐकलं. तिने मागं वळून बघितलं नाही.

आता चैत्र सरत आला होता. उजव्या डोळ्याच्या दोन तारखा हुकल्या होत्या. बुधाजीचं म्हणणं साधं होतं आणि त्याच्या बाजूने चोख होतं : एक राब उगवल्याबिगर दुसरं शेत कोन भाजतं?

राब रचायचं काम सुरू झालं. घराच्या वरच्या अंगाला चार तुकडे होते. पहिला थर शेणाचा, त्यावर टहाळ, त्यावर पातेरा म्हणजे गळलेली पानं आणि गवत, वरून बारीक माती, म्हणजे आग भडकत नाही, धुमसत राहते. येसूबाई डोक्यावरून शेणाच्या पाट्या वाहत होती. पाटीखालून शेणाचा ओघळ मानेवर उतरत होता आणि त्याच्या मागून घामाचा. जयवंता वाळल्या टहाळाचे भारे आणत होती. रचायचं काम बुधाजीचं. टहाळाची बुडं एका बाजूला, शेंडे एका बाजूला, मध्ये कुठं पोकळ राहायची नाही. हे त्याच्यासारखं पंचक्रोशीत कोणी रचत नसे, आणि हे तो दर तासाला सांगायचा.

अकराच्या सुमाराला भारा घेऊन तो बांधावरून चालला होता. बांध डाव्या अंगाला वळला. बुधाजी वळला नाही. सरळ गेला आणि कंबरभर खालच्या वावरात भाऱ्यासकट पालथा पडला.

जयवंता धावली. येसूबाईने पाटी टाकली, शेण सगळं पायावर. बुधाजी ढेकळांत बसून गुडघा चोळत होता. हनुवटीला खरचटलं होतं, आणि उजव्या डोळ्याच्या वर, बोटभर अंतरावर, टहाळाचं टोक लागून रक्त आलं होतं. येसूबाईने ते बोटभर अंतर पदराने पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं.

“बांध ढासळलाय,” बुधाजी म्हणाला. “गजाला मी तवाच सांगितलं व्हतं, बांध घाल, बांध घाल. आयकतो कोन?”

जयवंताने बांधाकडे बघितलं. बैलगाडी जावी इतका मजबूत बांध. तिने सासूकडे बघितलं.

“ढासळलाय खरा,” येसूबाई म्हणाली.

रविवारी गजाला सुट्टी होती. तो सकाळपासून दुपारपर्यंत कुदळ-फावडं घेऊन तो धड बांध खणत आणि पुन्हा घालत बसला. बाजूच्या वावरातून कोंडाजी बघत होता. कोंडाजी म्हणजे बुधाजीचा लहानपणापासूनचा जोडीदार, जिभेला हाड नसलेला.

“गजा, काय धन सापडलं का रं बांधात?”

“बाबा म्हनतात ढासळलाय.”

“बरं झालं त्यांनी डोंगर ढासळलाय म्हनून नाय सांगितलं.”

गजाने फावडं आदळलं. घरी येऊन त्याने आईला सांगितलं, “आये, म्या आता बांध नाय घालनार. तू सांग त्यांना काय ते.”

“मी? येष्टीत ‘तसंच बाबा’ कोन म्हनलं? तुजी जीभ, तू सोडव.”

“मी पोरगा हाय. पोरानं बापाला सांगायचं का, तुमचा डोळा गेला?”

“आनि बायकोनं सांगायचं?”

दोघांनी जयवंताकडे बघितलं. जयवंता भाकरी थापत होती. तिने हात थांबवले नाहीत. “माज्याकडं नका बघू. सून हाय मी. मामंजींसमोर पदर नाय ढळू देत, नि डोळा गेला म्हनून सांगू?”

 भाकरी करपली.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी कळंबला लग्न होतं, येसूबाईच्या माहेरच्या नात्यातलं. मांडवात पंगत बसली. बुधाजी धुतलेला सदरा घालून, टोपी ठाकठीक करून बसला. डाव्या हाताला कोंडाजी. वाढप चाललं होतं. बुंदी आली, वरण आलं. बुधाजी जेवायला लागला, गप्पा मारायला लागला. भात संपला तसा त्याने हात बाजूला नेला आणि कोंडाजीच्या पत्रावळीतली बुंदी उचलून तोंडात टाकली. मग पुन्हा उचलली.

कोंडाजीने थोडा वेळ बघितलं. मग मोठ्याने म्हणाला, “बुधाजी, माज्या पत्रावळीतली बुंदी जास्त गोड लागते का रं?”

पंगत हसली. समोरच्या ओळीतल्या बायकाही पदराआड हसल्या. बुधाजीचा हात पत्रावळींच्या मध्येच थांबला. बुंदीचे चार दाणे बोटांना चिकटले होते. ते खावे की टाकावे हे त्याला कळेना.

“मस्करी केली तुजी,” तो म्हणाला. “बगत व्हतो, तुला कळतंय का. आता उजळलंय मला डाव्यानं. हळूहळू उजळतंय.”

“हां का? मंग सांग, नवरीचा शालू कोनता?”

“हिरवा.”

शालू हिरवाच असतो. आंधळ्यानेही सांगितलं असतं.  कोंडाजीने आपली पत्रावळ चार बोटं डावीकडे सरकवली. ती सरकवणं येसूबाईने बायकांच्या पंगतीतून बघितलं. कोंडाजीच्या जिभेपेक्षा ते चार बोटांचं सरकवणंच तिला जास्त झोंबलं.

घरी येताना बुधाजी वाटभर बोलत होता. “उजळतंय गं. खरंच. परवा गोठ्यात धुकटसं दिसलं मला डाव्यानं. एक पाऊस पडू दे.”

“हं,” येसूबाई म्हणाली. तिच्या चपलेचा अंगठा तुटला. तिने दोन्ही चपला हातात घेतल्या आणि बाकीची वाट अनवाणी चालली.

गुरुवारी ती गजाला घेऊन कर्जतला पद्मजाबाईंकडे गेली. बुधाजी आला नाही. राब टाकून दवाखान्यात बसायला त्याला वेळ नव्हता. बाईंच्या टेबलावर डोळ्याचा मोठा प्लॅस्टिकचा गोळा होता, उघडून आतलं दाखवायचा.

“तीन तारखा झाल्या,” बाई म्हणाल्या. “तुम्ही येत नाही. थेंब नीट घालता का?”

“घालते. निम्मे कानात जातात.”

“आणि डाव्याबद्दल सांगितलंत त्यांना?”

गजा प्लॅस्टिकच्या डोळ्याकडे बघत राहिला. येसूबाई पदराचं टोक पिळत राहिली.

“अहो, मी काय बोलते आहे?” बाईंचा आवाज चढला. “तीन महिने झाले! लेझर केलेला डोळा दिसत नाही म्हटल्यावर तो माणूस दुसरा डोळा माझ्या हातात देईल का? मी असते तर मीही दिला नसता. तुम्ही खोटं बोललात आणि दोष माझ्या मशीनवर आला.”

“बाई, त्यांना वाटतं राबासारखं हाय. भाजलं का उगवंल.”

बाईंना राब माहीत होता, कर्जतच्याच त्या. त्यांनी कपाळाला हात लावला. मग तो गोळा उघडला आणि पेन्सिलच्या टोकाने दाखवत बोलल्या, या वेळी हळू. डोळ्यात पाणी सारखं तयार होतं आणि कडेच्या वाटेने सारखं बाहेर जातं. बुधाजींची ती वाट जन्मापासून चिंचोळी. एखाद्या दिवशी ती बंद होते, पाणी तुंबतं, दाब चढतो, आणि मागची नस दबून मरते. लेझरने इथे, या पडद्याला, एक बारीक भोक पाडायचं, म्हणजे पाण्याला दुसरी वाट मिळते.

“म्हंजे बांधाला मोरी काढायची,” येसूबाई म्हणाली.

बाई थांबल्या. “बरोबर. अगदी तेच. बांध फुटायच्या आधी.”

येसूबाईला वाटलं, इतकी साधी गोष्ट, तीन महिने आपल्याला कोणी सांगितली नाही. मग आठवलं, तीन महिने आपण विचारलीही नव्हती.

बाईंनी सोमवारची तारीख लिहून दिली. एक गोळ्यांची पुडी वेगळी दिली. “आणि हे लक्षात ठेवा. उजव्या डोळ्याने दिव्याभोवती रंगीत कडं दिसलं, कपाळ दुखायला लागलं, तर थांबायचं नाही. सोमवार नाही, दुसरा दिवस नाही, त्याच तासाला. ही गोळी द्यायची आणि मिळेल ती गाडी करून मुंबईला आणायचं. डाव्याच्या वेळी असं काही म्हणाले होते का ते?”

येसूबाई पदर पिळायची थांबली. “म्हनाले व्हते. पौषात. दिव्याला खळं पडलंय म्हनाले. आमी हसलो. म्हनलं, चंद्राला पडतं ते, दिव्याला कुठलं?”

त्या संध्याकाळी तिने मोरीची गोष्ट करून बघितली. बुधाजी गोठ्यात बैलाला पेंढा घालत होता.

“अवो, तो लेझर म्हंजे राब नाय. मोरी हाय. पानी तुंबतं, त्याला वाट काढायची.”

“कोन म्हनलं?”

“डाक्टरीनबाई.”

“मोरी काढाया कुदळ लागते. आग कशाला लागते?” बुधाजीने पेंढ्याची काडी दातांत धरली. “आनि मोरी काढली म्हनतीस ना डाव्याला? मंग पानी गेलं का नाय?”

“गेलं.”

“पानी गेलं तर शेत दिसाया नको का?”

येसूबाईने तोंड उघडलं. बोलायची जागा तीच होती; दोन शब्दांचं काम होतं. बैलाने मान हलवली, घुंगरू वाजलं. तिने तोंड मिटलं.

“बघ, तुजंच तुला कळंना,” बुधाजी समाधानाने म्हणाला. “सोमवारी मी कुठं येनार नाय. शनवारी राब पेटवायचे हायेत.”

शनिवारी पहाटे वारा पडला होता. राब पेटवायला हाच मुहूर्त. बुधाजीने चारी तुकडे खालच्या अंगाने पेटवले. आग वर भडकली नाही. मातीखालून हळूहळू सरकत राहिली. दिवसभर तो, गजा आणि जयवंता हिरवी डहाळी हातात घेऊन कडेने फिरत होते, ठिणगी गवतात गेली तर झोडपायला. येसूबाई पाण्याचे हंडे वाहत होती. धगीने भुवया पिवळ्या पडल्या, धुराने थुंकी काळी झाली. दुपारचे थेंब राहून गेले. तिला आठवलं ते चार वाजता, आणि तेव्हा बुधाजी धुराच्या पलीकडे होता.

दिवेलागणीला राब राखेने भरून शांत झाले. बुधाजी आंघोळ करून ओटीवर येऊन बसला. चेहऱ्यावर थकवा होता, पण खुशीतला. तो तळहाताने कपाळ चोळत होता. जयवंताने बल्ब लावला.

“नवा बल्ब आनला का गं जयवंता?”

“नाय मामंजी. तोच हाय.”

“मंग झकास दिसतोय. खळं पडलंय त्याला. आत निळं, भाईर तांबडं. पावसाआधी चंद्राला पडतं तसं.” त्याने मान तिरकी करून बघितलं. “औंदा पाऊस लवकर हाय, लिहून ठेवा. माजा डावा उगवला म्हनून समजा.”

जयवंताच्या हातातलं ताट खाली गेलं. गजा अंग पुसत होता, तो टॉवेल गळ्याशी धरून तसाच राहिला. “धुरानं असंल बाबा,” तो म्हणाला आणि आईकडे बघितलं.

येसूबाई चुलीपासून उठून आली. तिने बल्बकडे बघितलं. नुसता बल्ब होता, पिवळा, माश्यांनी डागाळलेला. त्याच्याभोवती काही नव्हतं.

“कंच्या डोळ्यानं दिसतंय खळं?”

“दिसतंय त्यानं.”

“कंच्या?”

“च्यायला, ज्यानं दिसतं त्यानं! कपाळ ठणकतंय नि तू वकिलावानी इचारतीस.”

“गजा, पावरहाऊसची जीप माग. पाय धर साहेबाचे, पन घेऊन ये. पळ.”

“जीप? कशाला जीप?” बुधाजी उठून उभा राहिला.

“मुंबयला. उजव्याला लेझर करायचा.”

“म्या नाय यायचा. हजारदा सांगितलं. डावा उगवू दे. आता तर खळं पडलंय, महिन्यात पाऊस. उगवला का मी आपल्या पायानं जाऊन उजवा देतो त्या बाईला.”

“व्हय बाबा,” गजा दारातून म्हणाला, “डावा बी येईल. पन आता तुमी…”

“गप रं!” येसूबाई इतक्या जोराने ओरडली की गोठ्यात बैल उठून उभा राहिला. “गप. जा म्हनलं ना? जा.”

गजा अनवाणीच पळाला. येसूबाईने पुडी सोडली, गोळी तळहातावर घेतली, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. बुधाजीने ओठ घट्ट मिटून मान फिरवली. ती उजवीकडे गेली, तशी त्याने मान आणखी फिरवली. ती डावीकडे गेली तेव्हा तो शांत राहिला. ती वीतभर अंतरावर उभी होती आणि त्याला ती तिथं आहे हे माहीत नव्हतं. तो समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत तोंड मिटून उभा होता.

ती तिथूनच बोलली.

“डावा नाय उगवायचा.”

बुधाजी दचकला. आवाजाच्या बाजूला वळला.

“काय म्हनलीस?”

“राब नाय तो. पाऊस पडू दे नायतर पूर येऊ दे, डावा गेला. तुमी मशिनीवर बसलात त्याच्या आधीच गेला व्हता. बाईंनी तवाच सांगितलं, मला नि गजाला. आमी दोगांनी तुमाला तीन महिने फशिवलं. धड बांध खनला, पन बोललो नाय.”

जयवंताने तोंडावर पदर घेतला.  येसूबाईच्या हातातला तांब्या कलला होता आणि पाणी बुधाजीच्या धोतरावर सांडत होतं.

“आनि लेझरनं नाय गेला. त्या बाईचा काय गुन्हा नाय. ते चार दिस आपन घरात बसलो ना, त्यात गेला. पोरगा म्हनत व्हता कर्जतला नेऊ. मी म्हनलं, पिकू दे. मी म्हनलं. तुमचा डोळा मी घालवला. ऐकलं का? मी. आता हा एक ऱ्हायलाय. शिव्या द्यायच्या त्या जीपमध्ये द्या, मुंबयपत्तोर द्या, जल्मभर द्या. पन आता तोंड उघडा.”